अलगीकरण की विलगीकरण? शाळा एक, खोल्या मात्र दोन हव्यात

साथीत सरकारने काय करावं, यावर सातारा-सांगलीकडच्या पारावर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, ‘सगळ्यांना उचलून शाळेत ठेवा.’ दुसरं, ‘ज्याला त्याला घरी राहू द्या.’ दोन्ही बाजू ‘क्वारंटाईन’ हाच शब्द वापरतात. एकाच्या डोळ्यांसमोर आजारी माणूस असतो, दुसऱ्याच्या समोर त्याच्या संपर्कात आलेला धडधाकट शेजारी. मग भांडण मिटणार कसं?

धडधाकट शेजाऱ्याचं ते अलगीकरण, म्हणजे क्वारंटाईन. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून माण, खटाव, पाटणला परतलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळांत ठेवलं, ते हेच. कोरोनाची लक्षणं दिसायला तेव्हा सहसा पाच-सहा दिवस, पण १४ पर्यंतही लागत. म्हणून शेवटच्या संपर्कापासून १४ दिवसांचा नियम होता. दुसऱ्याच दिवशी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून माणूस सोडला की फसगत होते. लक्षणं नसतील तर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान चाचणी करावी, असं तेव्हा सांगितलं जाई.

पॉझिटिव्ह रुग्णाचं ते विलगीकरण, आयसोलेशन. इथे दिवस लक्षणं सुरू झाल्यापासून मोजायचे. दुसऱ्या लाटेत सौम्य रुग्णाला १० दिवस, त्यातले शेवटचे तीन तापाविना. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की लगेच डॉक्टर. मात्र बोट गार असेल किंवा नखावर मेंदी, नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर चुकतो. बोट चोळून, नख स्वच्छ करून पुन्हा बघावं.

खरी अडचण दोन खोल्या आणि एक संडास असलेल्या घरात. तिथे रुग्ण घरीच राहिला तर बाकीच्यांचा संपर्क रोजचाच. त्याचे १० दिवस संपल्यावर त्यांचे १४ सुरू, म्हणजे २४ दिवस मजुरी बंद, डेअरीला दूध घालायलाही कोणी नाही. रुग्ण पहिल्याच दिवशी बाहेर हलवला तर १४ वर भागतं. मे २०२१ मध्ये राज्याने १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद केलं, त्यात सातारा आणि सांगलीही होते. तो निर्णय रुग्णांपुरता होता आणि आमच्या मते लहान घरांसाठी योग्यच होता. स्वतंत्र खोली आणि संडास असलेल्याला सूट मागणंही तितकंच रास्त.

म्हणून ग्रामसभेत प्रश्न सुटे विचारावेत: रुग्ण कुठे ठेवणार? संपर्कातले कुठे? त्यांची बुडालेली मजुरी कोण देणार?

सगळ्यात घातक चूक म्हणजे दोघांना एका वर्गात झोपवणं. ज्याला लागण नव्हती त्याला ती सरकारी सोयीतच होते. वर्ग वेगळे, संडास वेगळे, पाण्याची पिंपंही वेगळी हवीत. जेवणाचे डबे आणि आशाताईंची फेरी आधी संपर्कातल्यांकडे, मग रुग्णांकडे. उलट क्रमाने कधीच नाही.