आप्रवासन निर्बंधांना न्यायालयीन आव्हाने (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

परकीय व्यक्तीला देशात येण्यास, किंवा एकदा राहून गेल्यावर पुन्हा येण्यास, प्रतिबंध करणारे कायदे व अध्यक्षीय आदेश यांविरुद्ध न्यायालयात मागितली जाणारी दाद. हद्दपारीविरुद्धचे दावे याहून वेगळे मानले जातात. मात्र परत येणाऱ्या रहिवाशाच्या बाबतीत ही सीमारेषा पुसट होते आणि महत्त्वाचे बहुतेक निकाल नेमके तिथलेच आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतील विकासाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या संविधानात आप्रवासनाचा अधिकार नावाने कोठेही दिलेला नाही. नागरिकत्व देण्याविषयी व परदेशांशी व्यापाराविषयी तरतुदी आहेत, तेवढ्याच. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील पहिली आव्हाने संघसरकारच्या नव्हे, तर घटक राज्यांच्या निर्बंधांना होती. न्यूयॉर्कने जहाजाच्या कप्तानाकडून उतारूंची यादी मागितली, ती १८३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या पोलीस अधिकारात (लोकांचे आरोग्य, सुरक्षा व हित यांसाठी नियम करण्याच्या अधिकारात) बसवली. १८४९ मध्ये मात्र न्यूयॉर्क व मॅसॅचूसेट्स यांनी उतारूंवर बसवलेला कर ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाला. बहुमतातल्या न्यायमूर्तींनी आपापली स्वतंत्र निकालपत्रे लिहिली, त्यामुळे या निकालाचे नेमके तत्त्व कोणते याबद्दल नंतर बराच खल झाला. १८७६ मधील दोन निकालांनी (एक न्यूयॉर्कविषयी, दुसरा कॅलिफोर्नियाने अडवलेल्या चिनी स्त्रियांविषयी) हा विषय राज्यांच्या हातातून काढून घेतला. १८८४ मध्ये दर उतारूमागे ५० सेंटचा संघीय कर व्यापारविषयक तरतुदीच्याच आधारे वैध ठरला. म्हणजे तोवर न्यायालयाला व्यापाराचा अधिकार पुरेसा वाटत होता, ही गोष्ट पुढील वादात ध्यानात ठेवावी लागते.

चिनी प्रतिबंधाचे पर्व : १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षे प्रवेशबंदी झाली. आधीपासून राहणाऱ्यांना परदेशी जाऊन येता यावे म्हणून प्रमाणपत्र मिळे. १८८४ च्या दुरुस्तीनंतर तेच परत येण्याच्या हक्काचा एकमेव पुरावा ठरले. जहाजावर अडकवून ठेवलेल्या माणसासाठी वकील बंदिप्रत्यक्षीकरणाचा (अडकवलेल्याला न्यायालयापुढे आणून अटकेची वैधता तपासण्याचा) अर्ज करीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात सुमारे दहा वर्षांत असे सात हजारांच्या आसपास अर्ज आले असावेत आणि त्यांतील बहुसंख्य मंजूर झाले, असे अभ्यासक मानतात. टीकाकार त्या न्यायालयाला अर्जांची गिरणी म्हणत. तिथले न्यायाधीश ऑग्डेन हॉफमन चिनी आप्रवासनाच्या बाजूचे मुळीच नव्हते. तरीही समोर उभ्या असलेल्या माणसाचा पुरावा ऐकून घेणे त्यांनी टाळले नाही.

१ ऑक्टोबर १८८८ च्या कायद्याने ही सर्व प्रमाणपत्रे एका फटक्यात निरर्थक केली. त्या वेळी सुमारे वीस हजार प्रमाणपत्रधारक देशाबाहेर होते, असा अंदाज आहे. चाए चान पिंग हा मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. २ जून १८८७ रोजी तो प्रमाणपत्र घेऊन चीनला गेला आणि ‘बेल्जिक’ जहाजाने ८ ऑक्टोबर १८८८ रोजी परतला. कायदा झाला तेव्हा तो समुद्रात होता. त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने मे १८८९ मध्ये एकमताने फेटाळला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांच्या निकालपत्राचा आशय असा : परकीयांना दूर ठेवणे हा सार्वभौमत्वाचाच भाग असून त्याविषयी संसदेचा निर्णय न्यायालयावर बंधनकारक आहे. यालाच पुढे सर्वंकष अधिकाराचा सिद्धांत असे नाव पडले.

सिद्धांताच्या उगमाविषयी मतभेद : परंपरागत मत या सिद्धांताचा जन्म १८८९ च्या निकालात मानते. त्यावर पहिला आक्षेप तांत्रिक आहे. १८६८ च्या बर्लिंगेम तहाने व १८८० च्या पूरक तहाने आधीच राहणाऱ्या चिनी मजुरांना ये-जा करण्याची मुभा दिली होती, आणि चाए चान पिंगची मुख्य भिस्त त्यावरच होती. त्याचे उत्तर मात्र आधीच ठरलेले होते : तह व कायदा एकाच दर्जाचे, म्हणून दोहोंत जो नंतरचा तो देशांतर्गत प्रभावी. दावा एवढ्यावर फेटाळता आला असता. सार्वभौमत्वाविषयीचा विस्तार निकालाला अपरिहार्य होता काय, हा प्रश्न त्यामुळे उरतो. दुसरा आक्षेप कायद्याचे अभ्यासक जेराल्ड न्यूमन यांचा. १८७५ पूर्वी अमेरिकेची दारे सर्वांना उघडी होती, ही समजूत त्यांनी खोडून काढली; राज्यांचे कायदे गुन्हेगार, निष्कांचन, रोगी व मुक्त कृष्णवर्णीय यांना अडवीतच होते. यावरून १८८९ चा निकाल निर्वातातून आला नाही, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

तिसरे मत अलीकडचे असून त्याचा रोख वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकातील न्यायालये करआकारणी, सरकारी जमिनी अशा अनेक विषयांत कार्यकारी निर्णयापुढे असाच नमतेपणा दाखवीत. आप्रवासनाला खास वेगळे काढण्याची प्रथा खरी रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि जुन्या निकालांना तो अर्थ मागाहून चिकटवला गेला, असे हे मत सांगते. याला बळ देणारा एक तपशील असा की, १८९३ मध्ये आधीच राहणाऱ्या चिनी मजुरांच्या हद्दपारीलाही न्यायालयाने तोच न्याय लावला, तेव्हा विरोधी मत नोंदवणाऱ्या तिघांत स्वतः फील्ड होते. सिद्धांताच्या जनकालाच त्याची व्याप्ती मान्य नसेल, तर तो तेव्हा घट्ट रुजला होता असे म्हणणे कठीण. उलटपक्षी, १८९२ च्या निशिमुरा एकियू प्रकरणात प्रवेशाधिकाऱ्याचा निर्णय अंतिम मानताना न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कायद्याची जी सूत्रे दिली, ती पुढील शतकभर जशीच्या तशी उद्धृत होत राहिली. बीज एकोणिसाव्या शतकातले व वाढ विसाव्या शतकातली, हे म्हणणे उपलब्ध निकालांशी अधिक जुळते. या सिद्धांताचे मूळ वांशिक भेदभावात असून अन्य क्षेत्रांतील वंशवादी निकाल मोडीत निघाल्यावरही तो टिकून राहिला, हा कायद्याचे अभ्यासक गॅब्रिएल चिन यांचा आरोप उगमापेक्षा टिकाऊपणाविषयी आहे, पण दोन्ही प्रश्नांची बहुधा गल्लत केली जाते.

न्यायालयाचे दार अरुंद होणे : १८९१ च्या आप्रवासन कायद्याने प्रवेशाधिकाऱ्याच्या नकारावर फक्त वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद ठेवली, चिनी अर्जदारांसाठी १८९४ मध्ये अशीच तरतूद झाली. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क जन्मसिद्ध नागरिक ठरला व त्याला परत येता आले. तथापि १९०५ मध्ये न्यायालयाने, परतणारा माणूस नागरिक असल्याचा दावा करीत असला तरी अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहील, असे ठरवले. त्यानंतर अर्जांचा ओघ आटला. १९०३ च्या यामाताया निकालाने, ज्याने देशात पाऊल ठेवले त्याला निदान सुनावणी मिळाली पाहिजे, हे तत्त्व सांगितले. पण ती जपानी तरुणी स्वतः दावा हरली.

शीतयुद्धकालीन निकाल : अमेरिकन सैनिकाची जर्मन पत्नी एलन नॉफ हिला गुप्त माहितीच्या आधारे सुनावणीविना प्रवेश नाकारला गेला. १९५० च्या निकालात न्यायमूर्ती मिंटन यांनी म्हटले की, संसदेने ठरवलेली कार्यपद्धती, ती कोणतीही असो, प्रवेश नाकारलेल्या परकीयापुरती विहित (म्हणजे संविधानाला अपेक्षित न्याय्य) कार्यपद्धतीच होय. वृत्तपत्रे व संसद सदस्य यांनी प्रकरण लावून धरल्यावर सुनावणी झाली आणि १९५१ मध्ये तिला प्रवेश मिळाला. मेझेई प्रकरण (१९५३) याहून कठोर आहे. बफेलो येथे पंचवीस वर्षे राहिलेला हा गृहस्थ आजारी आईला भेटण्यासाठी युरोपात गेला, तिथे अडकला व परतल्यावर न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरच्या आप्रवासन केंद्रात अडवला गेला. त्याला घेण्यास कोणताही देश राजी नव्हता. तरीही अनिश्चित काळ अटकेत ठेवणे ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरले. १९५४ मध्ये सरकारनेच त्याला सशर्त सोडले.

मेझेई निकालाच्याच वर्षी, म्हणजे १९५३ मध्ये, अमेरिकन जहाजावरून परतलेल्या क्वाँग हाय च्यू या कायम रहिवासी खलाशाला मात्र सुनावणीचा हक्क मिळाला. या दोन निकालांचा मेळ घालणे सोपे नाही. १९६३ मध्ये मेक्सिकोत काही तास जाऊन आलेल्या स्विस रहिवाशाची फेरी ‘प्रवेश’ ठरत नाही, असा कायद्याचा अर्थ लावला गेला. १९८२ मध्ये परतणाऱ्या कायम रहिवाशाचा विहित कार्यपद्धतीचा हक्क नि:संदिग्धपणे मान्य झाला. १९९६ च्या कायद्याने जुना गुन्हा असलेल्या रहिवाशांची सवलत काढली, पण ती काट त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना लागू होणार नाही, असे २०१२ मध्ये ठरले. या मालिकेत अर्जदार जिंकले ते प्रायः कायद्याच्या शब्दांवर किंवा कार्यपद्धतीवर. संविधानाच्या थेट आधारावर क्वचितच. कायद्याचे अभ्यासक हिरोशी मोटोमुरा यांनी हे निरीक्षण प्रथम सविस्तर मांडले, आणि पुढील निकालांनी ते बव्हंशी खरे ठरवले आहे.

दावा कोणाचा : देशाबाहेरच्या परकीयाला स्वतःच्या प्रवेशासाठी संविधानिक हक्क सांगता येत नाही, म्हणून दावा देशातला कोणी तरी करतो. बेल्जियन मार्क्सवादी विचारवंत अर्नेस्ट मांडेल यांना व्हिसा नाकारल्यावर अमेरिकन प्राध्यापक आपल्या ऐकण्याच्या स्वातंत्र्यासाठी न्यायालयात गेले. १९७२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ते हरले. सरकारने वरकरणी वैध व प्रामाणिक कारण दिले की न्यायालय त्यामागे डोकावणार नाही, ही कसोटी तेथून आली. परकीय जोडीदाराच्या व्हिसासाठी नागरिकाला संविधानिक हक्क नाही, असे २०२४ मध्ये ठरले.

अध्यक्षीय प्रवेशबंदी : १९५२ च्या आप्रवासन कायद्याच्या कलम २१२(एफ) अन्वये, ज्यांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटेल अशा परकीयांच्या ‘कोणत्याही वर्गा’चा प्रवेश अध्यक्ष स्थगित करू शकतात. याच अधिकाराचा आधार घेऊन हैतीच्या निर्वासितांना भर समुद्रातून परत पाठवले गेले आणि १९९३ मध्ये ते ८ विरुद्ध १ मतांनी वैध ठरले. १९६५ च्या दुरुस्तीने मात्र स्थलांतरित व्हिसा देताना वंश, लिंग, राष्ट्रीयत्व, जन्मस्थान किंवा निवासस्थान यांवरून भेद करण्यास मनाई केली. दोन्ही तरतुदी एकाच कायद्यात शेजारी नांदत असून त्यांची टक्कर २०१७ पर्यंत फारशी तपासली गेली नव्हती.

२७ जानेवारी २०१७ रोजी अध्यक्ष डोनल्ड ट्रम्प यांनी इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सिरिया व येमेन येथील नागरिकांना ९० दिवस आणि सर्व निर्वासितांना १२० दिवस प्रवेशबंदी केली. विमाने हवेत असतानाच आदेश अमलात आला. ग्रीन कार्डधारकही विमानतळांवर अडकले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या न्यायाधीश ॲन डॉनली यांनी परत पाठवणीला स्थगिती दिली. ३ फेब्रुवारीला सिॲटलचे न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांनी वॉशिंग्टन व मिनेसोटा या राज्यांच्या दाव्यावर देशभर मनाई हुकूम दिला; राज्यांनी आपल्या विद्यापीठांच्या हानीवरून दावा टिकवला होता. ६ मार्चच्या दुसऱ्या आदेशातून इराक व ग्रीन कार्डधारक वगळले गेले. हवाई व मेरिलँड येथील न्यायालयांनी तोही रोखला. विशेष हे की, चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाने धार्मिक पक्षपाताचे कारण दिले, तर नवव्या विभागाने कायद्याच्या शब्दांचे. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतील व्यक्तीशी वा संस्थेशी खरे नाते असलेल्यांना वगळून बाकी आदेश लागू होऊ दिला. ‘खऱ्या नात्या’त आजी-आजोबा येतात की नाही, यावर पुन्हा खटला झाला.

२४ सप्टेंबर २०१७ च्या तिसऱ्या उद्घोषणेत उत्तर कोरिया, व्हेनेझुएला व चाड यांची भर पडली, सुदान वगळला गेला. २६ जून २०१८ रोजी ‘ट्रम्प वि. हवाई’ निकालात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ५ विरुद्ध ४ मतांनी ती वैध ठरवली. १९६५ ची मनाई व्हिसा देण्यापुरती आहे, प्रवेशपात्रता कोणाला ते ठरवण्यास ती लागू नाही, असा भेद त्यांनी केला. हा भेद तर्काला धरून आहे, पण ज्याला प्रवेशच नाही त्याला व्हिसा देण्याला काय अर्थ, हा आक्षेप त्याने मिटत नाही. निवडणूक प्रचारातील मुस्लिमांविषयीची वक्तव्ये न्यायालयाने विचारात घेतली. मात्र सुरक्षेचे समर्थनीय कारण दिसते, एवढ्यावर ते थांबले. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात, जपानी वंशाच्या नागरिकांच्या स्थानबद्धतेला मान्यता देणाऱ्या १९४४ च्या कोरेमात्सु निकालाची आठवण दिली. रॉबर्ट्स यांनी तुलना नाकारली, पण तो निकाल ज्या दिवशी दिला त्याच दिवशी चुकीचा होता, असेही लिहिले.

ही बंदी २० जानेवारी २०२१ रोजी अध्यक्ष जो बायडन यांनी उठवली. ४ जून २०२५ च्या उद्घोषणेने १२ देशांवर पूर्ण व ७ देशांवर अंशतः बंदी पुन्हा आली. याच महिन्यात, २७ जूनला, ‘ट्रम्प वि. कासा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायालयांचा देशव्यापी मनाई हुकूम देण्याचा अधिकार ६ विरुद्ध ३ मतांनी मर्यादित केला. २०१७ चे आदेश काही दिवसांत थोपले ते अशाच हुकुमांमुळे. आता समूहदाव्याचा (एकाच प्रकारे बाधित झालेल्या सर्वांच्या वतीने केलेल्या दाव्याचा) मार्ग अधिक वापरला जातो.

इतर देश : १८९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीतील चिनी उतारूच्या दाव्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश वसाहतींसाठीच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने) परकीयाला प्रवेशाचा दावा करता येत नाही, असे ठरवले. कॅनडात भारतीयांना रोखण्यासाठी ‘अखंड प्रवासा’चा (मायदेशातून वाटेत न थांबता थेट येण्याचा) नियम होता. नोव्हेंबर १९१३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाचे मुख्य न्यायाधीश हंटर यांनी, आदेशांचा मजकूर मूळ कायद्याशी जुळत नाही म्हणून, ‘पनामा मारू’वरील भारतीयांना सोडले. सरकारने आदेश नव्याने लिहिले, आणि ‘कोमागाता मारू’ जहाज आले तेव्हा मुन्शी सिंग यांच्या प्रकरणात अपील न्यायालयाने जुलै १९१४ मध्ये ते वैध मानले. युरोपात वळण निराळे आहे : भर समुद्रातून निर्वासितांना लिबियाकडे परत पाठवणाऱ्या इटलीला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये दोषी धरले, राज्याचे नियंत्रण जिथे, तिथे त्याची जबाबदारीही, हे तत्त्व त्यामागे असून ते अमेरिकेच्या १९९३ च्या निकालाशी सरळ विरोधी आहे.