गवताळ प्रदेशातील कार्बनचक्र : वनस्पतिवैविध्य आणि कवके

गवताळ प्रदेशातील बहुतांश कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीतील सेंद्रिय पदार्थांत असतो. तो तिथे किती साठतो आणि किती काळ टिकतो, हे हवामान व मातीच्या प्रकाराप्रमाणेच त्या गवताळ भागात किती जातींच्या वनस्पती एकत्र वाढतात आणि मुळांभोवती कोणती कवके (बुरशी) नांदतात, यावरही ठरते.

या संबंधाचा सखोल अभ्यास जर्मनीतील येना येथे झाला आहे. तिथल्या ‘झाले’ (Saale) नावाच्या नदीच्या पूरमैदानातील पूर्वीच्या शेतजमिनीवर 2002 मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात स्थानिक कुरणांतील 60 जाती निवडण्यात आल्या. काही वाफ्यांत एकच जात, तर इतरांत 2, 4, 8, 16 किंवा सर्व 60 जाती पेरल्या गेल्या. त्यांना खत दिले जात नाही. नको असलेल्या जाती खुरपून काढल्या जातात. अनेक वर्षांच्या मोजमापांत असे दिसले, की जास्त जातींच्या वाफ्यांत मातीतील सूक्ष्मजीव अधिक सक्रिय असतात आणि तरीही तिथे कार्बन अधिक साठतो. ही गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते, कारण सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत परत जातो. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कार्बन किती जुना आहे हे सांगणाऱ्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे याचा उलगडा झाला. वैविध्यामुळे जुना कार्बन कुजण्याच्या वेगात फारसा फरक पडत नाही. मुळांवाटे मातीत येणाऱ्या ताज्या कार्बनाची आवक मात्र वाढते. तो सूक्ष्मजीवांच्या शरीरात सामावला जातो आणि ते मेल्यावर त्यांचे अवशेष मातीच्या खनिजकणांना चिकटून राहतात.

या आवकेचा एक मोठा मार्ग म्हणजे मायकोरायझा, म्हणजेच मुळांशी सहजीवनात राहणारी कवके. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना हे नाव जैविक खतामुळे परिचित आहे. गवताळ माळांवर मात्र ही कवके मूळचीच असतात. ती मुळांच्या पेशींत शिरून वनस्पतीला मुख्यतः फॉस्फरस पुरवतात आणि मोबदल्यात शर्करा व स्निग्ध पदार्थ घेतात. प्रकाशसंश्लेषणातून मिळालेल्या कार्बनाचा साधारण 4 ते 20 टक्के वाटा त्यांच्याकडे जातो, असा अंदाज आहे. त्यांचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. मुळे पोचत नाहीत अशा सांदीकोपऱ्यांत ते शिरतात आणि मातीचे कण एकत्र बांधतात. अशा ढेकळांच्या आत अडकलेला कार्बन सूक्ष्मजीवांच्या तावडीतून बराच काळ वाचतो. तरी कवके कार्बन केवळ साठवतात, असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांच्याकडे गेलेल्या कार्बनाचा काही भाग श्वसनातून लगेच हवेत परततो, आणि मृतोपजीवी (मेलेल्या अवशेषांवर जगणारी) कवके तर जून काड्या व मुळेही कुजवतात.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील सीडर क्रीक येथे 1994 पासून चाललेल्या प्रयोगातही जातींच्या संख्येबरोबर मातीतील कार्बन वाढलेला आढळला. तिथे द्विदल (शेंगावर्गीय) वनस्पती आणि उष्ण ऋतूत वाढणारी गवते यांची जोडी विशेष प्रभावी ठरली : द्विदल वनस्पतींमुळे जमिनीला नत्र मिळते आणि गवतांचा मुळांचा पसारा मोठा असतो.

दख्खनच्या माळरानांवर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते व अनेक द्विदल वनस्पती एकत्र वाढतात, पण अशा जमिनी सरकारी नोंदींत बऱ्याचदा ‘पडीक’ ठरतात. माळ नांगरला की कवकतंतूंचे जाळे तुटते, ढेकळे फुटतात आणि आत जपलेला कार्बन कुजू लागतो. नत्र-फॉस्फरसयुक्त खतांचा मारा झाल्यास वनस्पती कवकांना कमी कार्बन देतात, आणि वेगाने वाढणाऱ्या मोजक्या जाती बाकीच्यांना मागे सारतात.