किती झाले बे? सायकल कॉम्प्युटरच्या मागची गोष्ट

मागच्या रविवारी नागपूरहून सायकलनं रामटेकला जाऊन आलो, पाच जण, एकच रस्ता, सोबत निघालो आणि सोबतच परतलो, मग तर्री पोह्याच्या ठेल्यावर सगळ्यांनी आपापल्या यंत्रातले किलोमीटरचे आकडे काढले तर तिघांचे 101 च्या आसपास, एकाचे 103, आणि ज्या भाऊचा मोबाइल पाठीमागच्या खिशात होता त्याचे 98. झालं, सुरू. माझंच बरोबर, तुझं स्वस्तातलं आहे बे, वगैरे. सायकल कॉम्प्युटर गार्मिन कंपनीचा घेऊ का ब्रायटनचा विचारणारे रोज भेटतात, पण हँडलवरची ही डबी मोजते कशावरून हे कोणी विचारत नाही, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

अंतर मोजायची सगळ्यात साधी रीत म्हणजे चाक. एका फेऱ्यात इतके फूट, फेरे मोजा, गुणाकार करा. इंग्रजांचे सर्व्हेवाले रस्ते असेच मोजायचे, दांड्याला मोठं चाक लावून ते ढकलत चालायचं, पेरांब्युलेटर म्हणत त्याला. पण चाकाला फक्त रस्ता कळते, आपण नेमके कुठं आहोत हे त्याला कळत नाही, म्हणून 1802 मध्ये मद्रासला विल्यम लॅम्बटननं दुसरी रीत धरली, दूरच्या ठिकाणांचे कोन मोजायचे आणि त्रिकोणांची साखळी जोडत पुढं सरकायचं. हा लॅम्बटन 1823 मध्ये नागपूरकडे येता येता हिंगणघाटला वारला. आपल्या नागपूरचा झिरो माइलचा दगड याच सर्व्हेच्या खात्यातला, त्यावर जीटीएस (म्हणजे हाच सर्व्हे, ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हे), 1907 आणि समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट असं कोरलेलं आहे. भारताचा मध्यबिंदू म्हणून सगळे तिथं फोटो काढतात, उंचीचा आकडा वाचणारा मी तरी एकच पाहिला, तो म्हणजे मी.

तर चाक मोजणं आणि जागा ठरवणं, या दोन रीती. सायकल कॉम्प्युटरमध्ये आजही हेच दोघे भांडून राहिले आहेत.

सायकलवर पहिले चाक आलं. 1895 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडरनं सायक्लोमीटर काढला, आरीला एक छोटा ठोकर, दर फेऱ्याला तो हबजवळच्या चांदणीसारख्या चाकाला एक टोला देणार आणि आतले दाते आकडा पुढं सरकवणार. ना सेल ना वायर. मग 1980 च्या दशकात जपानच्या कॅटआय, अमेरिकेच्या ॲव्होसेट वगैरेंनी ठोकराच्या जागी चुंबक आणि फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, सेन्सर आणला, चुंबक समोरून गेलं की एक पल्स, बाकी गणित तेच. फक्त चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये तुम्हीच टाकायचा, 700 बाय 25 च्या टायरला साधारण 2105. मी स्वतः जुन्या एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, 2050 चा आकडा न बदलता ते यंत्र रोड बाइकवर लावलं होतं आणि दोन महिने प्रत्येक शंभरातले अडीच किलोमीटर फुकट घालवले, यंत्राची काही चूक नव्हती, चूक माझी.

जागा ठरवायची रीत सायकलवर आली ती जीपीएसमुळं, सॅटेलाइटच्या सिग्नलवरून. पण जीपीएसचा जन्म सायकलसाठी झालाच नव्हता, तो अमेरिकन लष्करासाठी. पहिला सॅटेलाइट 1978 चा. 1983 च्या सप्टेंबरात वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत फायटरनं पाडलं, त्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगननी ही सेवा सगळ्या जगाच्या नागरी विमानांना खुली करायचं जाहीर केलं, आणि पूर्ण यंत्रणा चालू व्हायला 1995 उजाडलं. तरीही आपल्याला मिळायचा तो सिग्नल मुद्दाम बिघडवलेला, शंभरेक मीटरची चूक त्यात घातलेलीच, म्हणजे तुम्ही शंकरनगर चौकात उभे आणि तो तुम्हाला बाजूच्या गल्लीत दाखवणार. ही भेसळ 2 मे 2000 ला बंद झाली. माझ्या मते सायकलवरच्या जीपीएसचा खरा वाढदिवस हाच, कंपन्या नंतर आल्या.

गार्मिन 1989 ची, गॅरी बरेल आणि मिन काओ यांच्या नावांतून झालेलं नाव, सुरुवातीचा धंदा विमानं आणि बोटींचा. 2005 मध्ये त्यांनी सायकलसाठी जीपीएसवाले एज 205 आणि 305 जाहीर केले, मग 2008 च्या सुमारास रंगीत नकाशेवाला 705. 2009 मध्ये स्ट्राव्हा, म्हणजे आपली राइड टाकून लोकांशी तुलना करायचं ॲप, आलं आणि हिशोबच बदलला, पहिले आपण स्वतःसाठी मोजायचो, आता लोकांना दाखवायला मोजतो, अन् सेमिनरी हिलचा चढ कोणी किती सेकंदात मारला यावरून मित्रांत अबोला होतो. 2017 च्या वाहू कंपनीच्या बोल्टनं बटणांची कटकट मोबाइल ॲपवर टाकली, गार्मिनला तेव्हा खरी टक्कर मिळाली असं मला वाटते. तैवानचं ब्रायटन होतंच, आणि मग आयजीपीस्पोर्ट, झॉस, कूस्पो, मॅजीन हे चिनी गडी आले, आज पाच हजाराच्या आसपास कामापुरती डबी मिळते आणि वरच्या टोकाला पन्नास हजाराच्या पुढं जाते.

मोबाइल आहे नं मग वेगळं यंत्र काहून, असं घरचे विचारतात. एक राइड मे महिन्यात नागपुरात करून पहा म्हणा. पंचेचाळीस डिग्रीत हँडलवरचा मोबाइल तापून स्वतःच झोपी जाते, आणि उन्हात स्क्रीन दिसत नाही ते वेगळंच. या यंत्रांचे स्क्रीन उजेड परतवणारे असतात, ऊन जितकं कडक तितकं स्पष्ट, आणि बॅटरीही बराच वेळ टिकते. 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत संपवायची असते, 600 ची 40 तासांत, तिथं बॅटरी मेली की पुढचा रस्ता अंदाजानं. आपल्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, एकट्यानं पूर्ण केल्यापासून लांबच्या पल्ल्याची हवा इथं चांगलीच आहे, म्हणून मी तुलनेत बॅटरीचे तास पहिले बघतो.

आता भांडणाकडे. मोकळ्या आभाळाखाली, म्हणजे काटोल रोडला वगैरे, पाच हजाराचं आणि पन्नास हजाराचं यंत्र जवळपास सारखंच चालते. फरक दिसते वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली, वर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो, सिग्नल काँक्रीटवर आपटून येते आणि ट्रॅक दारू पिल्यासारखा. महागड्या मॉडेलमधलं ड्युअल फ्रीक्वेन्सी, म्हणजे सॅटेलाइटचा सिग्नल दोन फ्रीक्वेन्सीवर घेणं, अशाच जागांसाठी आहे. आणि गंमत बघा, इतकं सगळं झाल्यावर यंत्रं परत चाकाकडेच आली, हबला छोटा सेन्सर बांधा, मग अंतर आणि स्पीड ती चाकावरून घेतात, आणि चाकाचा घेर काही यंत्रं जीपीएसवरून स्वतःच काढतात. लॅम्बटन आणि पेरांब्युलेटरवाल्याची दिलजमाई झाली म्हणा.

उंचीचंही तसंच, सॅटेलाइटवरून उंची नीट निघत नाही म्हणून हवेचा दाब मोजतात, साधारण आठ मीटर चढलं की एक मिलिबार कमी. पण पाऊस येणार असला की दाब तसाही पडते आणि यंत्राला वाटते आपण डोंगर चढून राहिलो. म्हणून मी निघताना झिरो माइलला थांबून 311 मीटर सेट करतो, 1907 पासून फुकटात उभा आहे तो आकडा.

रामटेकच्या 103 वाल्याचं नंतर सापडलं, टायर 25 चा आणि सेटिंग 28 चं, 2136. त्याला सांगितलं, त्यानं ऐकलं, आणि स्ट्राव्हावर अजून 103 च आहे.