रॉ आणि जेपेग

डिजिटल कॅमेऱ्यात फोटो साठवण्याचे दोन नेहमीचे प्रकार. रॉ ही सेन्सरने टिपलेल्या उजेडाची जवळजवळ कच्ची नोंद असते. जेपेग हा त्याच नोंदीवरून कॅमेऱ्याने रंग, उजेड आणि धार ठरवून तयार केलेला, आकसवलेला फोटो. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करताना १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतलेले लाला दीनदयाळ काचेची निगेटिव्ह जपून ठेवत आणि तिच्यावरून हवे तसे छाप काढत. रॉ म्हणजे ती काच, जेपेग म्हणजे एक छाप.

सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी असते (कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले). उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढावे लागतात. जेपेगमध्ये हा हिशेब कॅमेराच उरकतो, रॉमध्ये तो नंतर संगणकावर होतो. जेपेगचे मानक १९९२ चे. त्यात चित्राचे ८×८ बिंदूंचे ठोकळे पाडून डोळ्याला कमी जाणवणारा तपशील टाकून दिला जातो, आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. भर दुपारी इंदूरच्या राजवाड्याचा फोटो काढला, की हा फरक दिसतो. आकाश सांभाळावे तर दरवाजाची कमान काळीठिक्कर पडते. रॉमधून ती बरीच उजळता येते, जेपेगमध्ये मात्र उजळलेल्या सावलीत डाग आणि पट्टे उमटतात. पांढरेफटक जळालेले आकाश दोन्हींत परत येत नाही, म्हणून उन्हात एक्स्पोजर (सेन्सरवर पडू दिलेला उजेड) थोडे कमी ठेवलेले बरे.

रात्रीचा सराफा (इंदूरचा रात्री खाऊगल्ली होणारा बाजार) ही रॉची खरी जागा. एका गाडीवर पिवळा दिवा, शेजारी निळसर एलईडी, मध्ये कढईतल्या गराडू कंदाची वाफ. कोणता पांढरा खरा, याचा अंदाज कॅमेरा हमखास चुकवतो. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स घरी बसून, फोटोला धक्का न लावता बदलता येतो.

रंगपंचमीच्या गेरमध्ये (इंदूरच्या रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) गणित उलटे. तिथे सलग फोटो काढावे लागतात. रॉच्या जड फायलींनी बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि नेमका गुलाल उडताना कॅमेरा थबकतो. जेपेग तिथे पुष्कळदा शहाणपणाचे. गुलालात लाल रंग सर्वांत आधी फाटतो, म्हणजे कमाल पातळीला टेकून तपशील गमावतो, पण एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) ते लपवतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम पाहावा. रॉ काढतानाही पडद्यावरचा हिस्टोग्राम बहुधा जेपेग रूपावरूनच बनतो, हे बरेच जण विसरतात. कार्ड बदलण्याची वेळ आलीच, तर गर्दीतून बाहेर पडून बदलावे, कारण कॅमेऱ्यात गेलेला गुलाल सहज निघत नाही.

‘रॉ म्हणजे व्यावसायिक’ हा समज फुकाचा आहे. लग्नात त्याच रात्री फोटो द्यायचे असतील, तर नीट एक्स्पोजरचा जेपेग पुरतो. दोन्ही एकदम साठवण्याची सोयही असते, फक्त कार्ड लवकर भरते. रॉचे रूप कंपनीगणिक वेगळे: कॅननचे सीआर३, निकॉनचे एनईएफ, सोनीचे एआरडब्ल्यू. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये डीएनजी हे खुले रूप आणले. जेपेग उघडून, फेरफार करून पुन्हा साठवला, की दर वेळी थोडा तपशील जातो. म्हणून मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवरच काम करतात.