खंडाळ्याचा जुना बोगदा पाहायचाय? आधी अर्ज कुठे द्यायचा ते बघा

घाटातले बंद बोगदे पाहायला निघालेल्यांचे अर्ज परत येतात, आणि बहुतेकदा चूक पत्त्याची असते. पुण्यातली मंडळी पुणे विभागाच्या डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात अर्ज देऊन मोकळी होतात. पण लोणावळा ते कर्जत हा घाट मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येतो. अर्ज सीएसएमटीला, मुंबईच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे द्यायचा. डोंगर आपल्या मावळात आहे म्हणून कार्यालयही पुण्यातलं, असं नसतं. शिवाय घाट उतरताना जिल्हाही बदलतो. वर मावळ, खाली रायगड. बोगद्याचं कुठलं तोंड कुठल्या तालुक्यात आहे, हे अर्ज लिहायच्या आधी पाहून घ्या.

दुसरा गैरसमज असा की रूळ उखडले म्हणजे जागा बेवारस झाली. 1863 साली सुरू झालेल्या या घाटात 25 बोगदे होते, आणि खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडीची दिशा उलटी करून चढ चढावा लागे. 1928-29 च्या सुमारास नवा मार्ग झाला, रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडलं आणि तिथली जुनी वाट सुटली. गाड्या थांबल्या, पण मालकी आपोआप सुटली नाही. जागा आजही रेल्वेची असेल तर परवानगीशिवाय आत शिरणं हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खालचा गुन्हा आहे. फक्त पाहायला गेलो होतो, हे सांगून सुटका होत नाही.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. गेल्या वर्षी कॉलेजच्या मुलांचा एक गट माझ्याबरोबर एका कार्यालयात आला होता. नावांची यादी, आधारच्या प्रती, बोगद्याचे रंगीत फोटो, सगळं नीट टाचून आणलेलं. समोरच्या बाबूंनी फोटोंवरून नजर फिरवली आणि विचारलं, "किलोमीटर किती?" मुलं एकमेकांकडे बघत राहिली. रेल्वेत जागा ओळखतात ती किलोमीटरवरून, रुळाकडेच्या खांबांवरच्या आकड्यांवरून. सुटलेल्या वाटेवर असे खांब कुठून असणार? आणि चालू मार्गावर जाऊन आकडा टिपायचा तर त्यालाच परवानगी हवी. मुलं त्या दिवशी हात हलवत परतली. दोष त्यांचा नव्हता, हे आधी सांगायला कुणीतरी हवं होतं.

यातून वाट निघते ती अशी. महाभूनकाशा या जमिनींच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर गाव निवडून बोगद्याच्या जागेचा गट नंबर काढा. मग डिजिटल सात-बारा काढा, 15 रुपये लागतात. मालकाच्या जागी रेल्वे, वन विभाग की खाजगी नाव आहे, त्यावर पुढचा अर्ज कुणाकडे जाणार हे ठरतं. अर्जात गट नंबर, अक्षांश-रेखांश आणि नकाशाची खूण केलेली प्रत द्या. किलोमीटर नसला तरी इतक्यावर संबंधित अभियंत्याला जागा सापडते.

सात-बारावरूनही उलगडा झाला नाही तर माहितीचा अधिकार वापरा. इथे दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. रेल्वे केंद्र सरकारची आहे, त्यामुळे तहसीलमध्ये चालतं तसं 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट इथे चालत नाही. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर शुल्क भरणं सगळ्यात सोपं. दुसरी अडचण मुदतीची. 30 दिवस मोजायचे ते अर्ज कार्यालयात पोचल्यापासून, आणि तेही माहिती देण्यासाठी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं धरून एक गट निघालाही होता. कृपा करून असं करू नका. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याचं बंधनही माहिती अधिकाराच्या अर्जापुरतंच आहे. तुमचा साधा परवानगीचा अर्ज चुकीच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहू शकतो.

बाकी नेहमीचंच: ओळखपत्रं, जाण्याची तारीख, हेतू, गटप्रमुखाचा फोन. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था असेल तर अर्ज तिच्या लेटरहेडवर करा, नोंदणीची प्रत जोडा. पैसे घेऊन लोकांना नेणार असाल तर 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी वेगळी लागते. चित्रीकरण करायचं असेल तर रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे स्वतंत्र अर्ज.

खाणींबद्दलही विचारणा होते. पुण्याच्या आसपास आपल्या काळ्या दगडाच्या उघड्या खाणी आहेत, भुयारी नाहीत. त्यांची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत करायची. सोडून दिलेल्या खाणीत पाणी साठतं, काठ सरळ तुटलेले असतात, पाय टेकायला जागा नसते. पोहता येणारी पोरंही त्यात गेली आहेत.

तारीख टाकताना जून ते सप्टेंबर टाळा. काळ्या दगडाच्या थरांमध्ये लाल मातीचे पट्टे असतात, ते पाण्याने भुसभुशीत होतात आणि वरचा दगड सुटतो. या महिन्यांतली तारीख पाहून अर्ज नाकारला गेला तर तो निर्णय बरोबरच आहे. डिसेंबरची तारीख घालून पुन्हा द्या, जुन्या अर्जाची पोच जोडून.