इंटररेग : सीमापार सहकार्य प्रकल्पांचे अर्थसाहाय्य आणि व्यवस्थापन

युरोपीय संघातील शेजारी देशांच्या सीमावर्ती प्रदेशांनी एकत्र हाती घेतलेल्या प्रकल्पांना निधी पुरवणारी योजना. १९९० मध्ये ती सुरू झाली. सध्या तिचा सहावा कालखंड (२०२१–२७) चालू आहे. नदी दोन देशांतून वाहते, पण पूर थोपवणारी खाती दोन आणि त्यांचे अर्थसंकल्पही दोन असतात. रुग्णाला जवळचे रुग्णालय सीमेपलीकडे असते, पण विमा मात्र अलीकडचाच चालतो. अशा ठिकाणी एकट्या देशाने खर्च करायला त्याच्याकडे कारण नसते. ते कारण पुरवणे हे या निधीचे काम आहे.

सीमापार सहकार्य युरोपीय संघाच्या निधीपेक्षा जुने आहे. डच–जर्मन सीमेवरचा ‘युरेगियो’ १९५८ पासून काम करतो, आणि युरोप परिषदेचा सीमापार सहकार्याबद्दलचा माद्रिद करार १९८० चा आहे. निधी आल्यावर बदल झाला तो हिशेबाच्या शिस्तीत. आजच्या कारभाराचा पाया म्हणजे २४ जून २०२१ चा विनियम २०२१/१०५९. त्याच्या जोडीला सर्व निधींसाठीचा सामायिक विनियम २०२१/१०६० वाचावा लागतो. एखादा खर्च पात्र आहे की नाही हे ठरवताना आधी हे दोन विनियम पाहायचे, मग त्या कार्यक्रमाच्या (म्हणजे एखाद्या सीमेसाठी वा टापूसाठी आखलेल्या योजनेच्या) संनियंत्रण समितीने केलेले जादा नियम, आणि दोन्हीकडे उत्तर नसेल तर ज्या देशात खर्च झाला तिथला राष्ट्रीय नियम. हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटा लावला जातो. भागीदार आपल्या देशातल्या अनुदानांच्या सवयीने हिशेब ठेवतो आणि कार्यक्रमाची पुस्तिका खर्चाच्या प्रतिपूर्तीचा पहिला दावा नाकारला गेल्यावर उघडतो.

व्याप्ती : चार शाखा आहेत. ‘अ’ शाखा सीमापार सहकार्याची, ‘ब’ अनेक देशांच्या मोठ्या टापूंची, ‘क’ अनुभवाच्या देवाणघेवाणीची आणि ‘ड’ संघाच्या दूरस्थ प्रदेशांची. २०१८ च्या किमतींनुसार एकूण तरतूद ८.०५ अब्ज युरो असून त्यातील ७२.२ टक्के ‘अ’ शाखेकडे जातात. पुढील विवेचन मुख्यतः याच शाखेचे आहे. जमिनीवरच्या सीमेलगतचे प्रदेश आणि जास्तीत जास्त १५० किमी समुद्राने विभागलेले किनारी प्रदेश तिच्यात येतात. कार्यक्रमाच्या क्षेत्राबाहेरही खर्च करता येतो, मात्र तो कार्यक्रमाच्या उद्दिष्टांना उपयोगी पडला पाहिजे.

दोन्ही बाजूंचा पैसा एकाच कार्यक्रमात जमा होतो. युरोपीय प्रादेशिक विकास निधीचा, म्हणजे संघाच्या पैशाचा, वाटा संपूर्ण कार्यक्रमाच्या पातळीवर ८० टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. बाह्य सीमांवरील कार्यक्रम आणि ‘ड’ शाखा यांना तो अधिक मिळू शकतो. उरलेला भाग भागीदाराने स्वतः किंवा आपल्या देशाच्या सार्वजनिक निधीतून उभा करायचा असतो.

कारभाराची रचना : प्रत्येक कार्यक्रमाला एक व्यवस्थापन प्राधिकरण, एक लेखापरीक्षा प्राधिकरण, एक संयुक्त सचिवालय आणि सहभागी देशांच्या प्रतिनिधींची एक संनियंत्रण समिती असते. प्रकल्प निवडते ती समिती. अर्थसाहाय्याच्या अटींचा दस्तऐवज मुख्य भागीदाराला, म्हणजे सर्व भागीदारांच्या वतीने जबाबदार असलेल्या संस्थेला, देते ते व्यवस्थापन प्राधिकरण. सचिवालय अर्जदारांना मार्गदर्शन करते, अर्ज तपासते आणि पुढे अहवालही हाताळते. म्हणून शंका लेखी विचारायची ती सचिवालयाला आणि उत्तर जपून ठेवायचे. तीन वर्षांनी लेखापरीक्षक येतो तेव्हा फोनवरचे आश्वासन कामी येत नाही.

प्रकल्पात किमान दोन देशांचे भागीदार हवेत आणि त्यांतील किमान एक युरोपीय संघाच्या सदस्य देशातला हवा. आखणी आणि अंमलबजावणी एकत्र व्हायलाच हवी. त्याशिवाय कर्मचारी किंवा वित्त यांपैकी निदान एक बाब सामायिक असली पाहिजे. नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे सायकलमार्ग बांधून त्यांना एक नाव दिले तर आखणी एकत्र झाली असे होत नाही. मूल्यमापक एक साधा प्रश्न विचारतो : पलीकडचा भागीदार काढून टाकला तर तुमच्या बाजूचे काम अडेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर अर्ज तिथेच कमकुवत ठरतो. स्पॅनिश पिरेनीजमधल्या पुइग्सेर्दा येथील सेर्दान्या रुग्णालय या कसोटीला नीट उतरते. २०१४ मध्ये उघडलेल्या या रुग्णालयात फ्रान्स व स्पेनचा कातालोनिया प्रदेश या दोहोंकडचे रुग्ण येतात. त्याचा भार कातालोनिया ६० टक्के आणि फ्रान्स ४० टक्के उचलतात, आणि ते चालवायला ‘युरोपीय प्रादेशिक सहकार्य गट’ या प्रकारची स्वतंत्र कायदेशीर संस्था आहे. असे गट स्थापण्याचा विनियम २००६ चा आहे.

मुख्य भागीदार : सर्व व्यवस्थेचा कणा हाच. भागीदार सात असोत वा दोन, प्राधिकरणाशी करार एकाच संस्थेचा होतो. संपूर्ण प्रकल्प राबवला जाईल याची हमी ती संस्था देते. इतरांनी दाखवलेला खर्च खरोखर प्रकल्पासाठीच झाला आणि खर्च तपासायला नेमलेल्या तपासणीसाने तो पडताळला, याची खात्रीही तिनेच करायची. आलेला निधी भागीदारांना ठरल्या मुदतीत पूर्ण द्यायचा. त्यातून कोणतेही शुल्क किंवा कपात काढता येत नाही.

वसुलीच्या वेळी याच तत्त्वाचा कस लागतो. अनियमितता सापडली की रक्कम मुख्य भागीदाराकडून परत मागितली जाते, मग चूक कोणाचीही असो. त्याने ती संबंधित भागीदाराकडून वसूल करायची, आणि तेही जमले नाही तर त्या भागीदाराचा देश ती भरतो. म्हणून भागीदारी करारात चुकीने दिलेल्या रकमा परत घेण्याची तरतूद असणे विनियमानेच बंधनकारक केले आहे. तयार नमुन्यावर सही करून मोकळे होण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती घातक आहे. परतफेड किती दिवसांत करायची, भागीदार बाहेर पडला तर त्याचे काम कोणी उचलायचे, उपकरणांची मालकी कोणाकडे राहणार आणि वाद कोणत्या देशाच्या न्यायालयात चालणार, एवढे चार मुद्दे तरी स्वतः बसून लिहावेत. सीमेच्या एका बाजूला एकच भागीदार असेल आणि तोच निघून गेला, तर दोन देशांची अट मोडते आणि प्रकल्पच कोसळतो. दोन्हीकडे किमान दोन संस्था घेण्यामागे हे व्यावहारिक कारण आहे.

खर्चाचे गट : कर्मचारी, कार्यालय व प्रशासन, प्रवास व निवास, बाह्य तज्ज्ञता व सेवा, उपकरणे, पायाभूत सुविधा व बांधकाम असे सहा गट आहेत. दंड, न्यायालयीन वादांचा खर्च आणि विनिमय दरातील चढउताराचे नुकसान अपात्र. कर्जावरचे व्याजही अपात्र. भेटवस्तू एरवी चालत नाही, पण प्रसिद्धीशी संबंधित असेल तर प्रत्येकी ५० युरोपर्यंत चालते. जमीनखरेदी एकूण पात्र खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत मान्य होते. पडीक वा पूर्वी औद्योगिक वापरात असलेल्या जागेसाठी ही मर्यादा १५ टक्के आहे. प्रकल्पाचा एकूण खर्च करासह ५० लाख युरोंपेक्षा कमी असेल तर मूल्यवर्धित कर पात्र ठरतो. त्याच्या वरच्या प्रकल्पांत देशाच्या कायद्याने परत न मिळणारा करच साधारणपणे धरता येतो.

गट चुकवण्याची एक नेहमीची जागा म्हणजे बाहेरच्या व्याख्यात्याचे विमानभाडे. ते प्रवासाखाली दाखवले जाते, पण जाते बाह्य तज्ज्ञतेखाली. प्रवास हा गट भागीदाराच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरताच आहे.

पगाराचा हिशेब दोन-तीन प्रकारे करता येतो. माणूस दरमहा ठराविक टक्के वेळ देत असेल तर नेमणूकपत्रात ती टक्केवारी लिहायची. मग वेगळी वेळनोंद लागत नाही. वेळ बदलता असेल तर वार्षिक एकूण पगारखर्चाला १,७२० तासांनी भागून तासाचा दर काढतात. वार्षिक खर्च ५१,६०० युरो असेल तर दर ३० युरो. ४३० तासांचे १२,९०० युरो होतात. या पद्धतीत वेळपत्रक लागते, आणि एका व्यक्तीचे वर्षभरात दाखवलेले तास १,७२० च्या वर जाता कामा नयेत. एकाच वेळी तीन प्रकल्पांत काम करणाऱ्या माणसाचे तास बेरजेत कुठे ओलांडतात, ते लेखापरीक्षक सर्वांत आधी तपासतो.

सरसकट दर हा याहून सोपा मार्ग. इतर थेट खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम पगार म्हणून घेता येते. थेट पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत कार्यालयीन खर्च आणि १५ टक्क्यांपर्यंत प्रवासखर्च धरता येतो. किंवा पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत एकच रक्कम घेऊन बाकी सगळे खर्च त्यात मिटवायचे. पगार ६०,००० युरो असेल तर त्यावर २४,००० मिळतात, एकूण ८४,००० होतात आणि त्या २४,००० ची एकही पावती दाखवावी लागत नाही. बैठका आणि अभ्यास यांवर चालणाऱ्या प्रकल्पाला ही सोय उत्तम. यंत्रसामग्री घेणाऱ्याने मात्र तिच्यापासून दूर राहावे, कारण यंत्राची किंमतही त्या ४० टक्क्यांतच बसवावी लागते. पद्धत अर्जाच्या वेळी निवडायची असते. प्रकल्प सुरू झाल्यावर सहसा बदलता येत नाही. २ लाख युरोंपर्यंतच्या प्रकल्पांना तर, राज्यसाहाय्य (उद्योगाला सार्वजनिक पैशातून मिळणारा लाभ) वगैरे अपवाद सोडल्यास, अशाच सोप्या पद्धती वापरणे भाग आहे.

छोट्या संस्थांसाठी लघुप्रकल्प निधी असतो. कार्यक्रमाच्या तरतुदीतून त्याला २० टक्क्यांपर्यंत देता येतात. शाळा, क्रीडामंडळे आणि ग्रामपालिका मोठ्या अर्जाच्या वाटेला न जाता या निधीतून देवाणघेवाण करू शकतात. सीमाभागातल्या माणसांना इंटररेग माहीत असते ते बहुधा यामुळेच, आणि या निधीला मिळणारे महत्त्व अजून अपुरे आहे.

पैसा केव्हा येतो : आधी खर्च आणि मग प्रतिपूर्ती, हा नियम आहे. अनेक कार्यक्रम आगाऊ रक्कम देतच नाहीत. भागीदार खर्चाची कागदपत्रे आपल्या देशाच्या तपासणीसाकडे देतो. काही देशांत त्यासाठी एकच सरकारी कार्यालय असते, तर काहींत मान्यताप्राप्त तपासणीस भागीदाराने स्वतः नेमायचा असतो. पडताळणीला ३ महिने धरलेले आहेत. सर्वांची प्रमाणपत्रे गोळा झाल्यावर मुख्य भागीदार एकत्रित दावा करतो आणि त्यानंतर, निधी उपलब्ध असल्यास, ८० दिवसांत रक्कम मिळायला हवी. अहवालकाल सहा महिन्यांचा असेल तर पहिल्या दिवशी दिलेला पगार परत यायला जवळजवळ वर्ष लागते. एका भागीदाराचे प्रमाणपत्र अडले तर पुष्कळदा सगळेच थांबतात. अशा वेळी त्याचा खर्च पुढच्या दाव्यात ढकलून बाकीच्यांचा दावा पाठवणे शहाणपणाचे ठरते. १ लाख युरोंच्या वाट्यात भागीदाराच्या खिशातले केवळ २०,००० जाणार असले, तरी वर्षभर पुढे टाकायला लागणारी रक्कम त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. स्वयंसेवी संस्था बुडतात त्या इथेच. अर्ज भरण्याआधी महिन्यावार रोखप्रवाह मांडावा.

युरो न वापरणाऱ्या देशांत खर्चाचे रूपांतर, कागदपत्रे पडताळणीसाठी सादर केल्याच्या महिन्यातील युरोपीय आयोगाच्या मासिक हिशेबी दराने होते. बिल भरल्याच्या दिवसाचा दर धरत नाहीत. त्यामुळे सादरीकरण लांबले तर दरातला तोटा भागीदारालाच सोसावा लागतो.

निविदा : सर्वांत मोठ्या रकमा जातात त्या खरेदीतल्या चुकांमुळे. आयोगाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चुकीच्या गांभीर्यानुसार ५, १०, २५ आणि १०० टक्के कपात सांगितली आहे. जाहिरात देणे बंधनकारक असताना दिलीच नाही तर सगळी रक्कम जाऊ शकते. निविदा बंधनकारक करणाऱ्या रकमेच्या मर्यादेखाली राहण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडणे, स्थानिक अनुभव असलेल्यांनाच पात्र ठरवणे आणि करारानंतर काम वाढवत नेणे या नेहमीच्या चुका. पहिली चूक सीमापार प्रकल्पांत सहज होते, कारण संकेतस्थळ, पत्रके आणि भाषांतर यांची कामे थोडी थोडी करून वर्षभर दिली जातात. बेरीज मात्र एकाच सेवेची धरली जाते.

भागीदाराच्या कामातून बाजारात स्पर्धा करणाऱ्या उद्योगाला लाभ होत असेल तर राज्यसाहाय्याचा प्रश्न उभा राहतो. सहकार्य प्रकल्पांत भाग घेणाऱ्या उद्योगासाठी मर्यादित साहाय्याची खास सूट आहे. २०२३ पासून तिची मर्यादा प्रति उद्योग प्रति प्रकल्प २२,००० युरो आहे. किरकोळ साहाय्याची सर्वसाधारण मर्यादा २०२४ पासून तीन वर्षांत ३ लाख युरो झाली. प्रशिक्षण फुकट घेणारी छोटी कंपनीसुद्धा यात मोडू शकते.

निष्पत्ती आणि प्रसिद्धी : अर्जातली उद्दिष्टे ठरलेल्या निर्देशकांत मोजतात. ‘सीमापार सहकार्य करणाऱ्या संस्था’ आणि ‘संयुक्तपणे आखून राबवलेले पथदर्शी उपक्रम’ हे त्यांतले रोजचे दोन. ‘संस्थांनी स्वीकारलेले वा विस्तारलेले उपाय’ हा परिणामाचा. संख्या फुगवून लिहिण्याचा मोह अर्जात गुण मिळवून देतो आणि अंतिम अहवालात गळ्याशी येतो. स्वीकृतीचा पुरावा लेखी लागतो, म्हणजे ठराव, करार किंवा बदललेली कार्यपद्धती. बैठकीच्या छायाचित्राने भागत नाही.

बोधचिन्ह आणि निधीचा उल्लेख यांत हलगर्जी झाली व दुरुस्ती केली नाही, तर साहाय्याच्या २ टक्क्यांपर्यंत कपात होते. साध्या प्रकल्पाला किमान अ३ आकाराचे भित्तिपत्रक किंवा तशाच आकाराचा डिजिटल फलक पुरतो. १ लाख युरोंहून मोठ्या भौतिक गुंतवणुकीला टिकाऊ फलक लागतो.

प्रकल्प संपल्यावर : खर्च ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत झालेला असला पाहिजे. कार्यक्रमांना दरवर्षीचा निधी ठरल्या मुदतीत खर्ची दाखवावा लागतो, नाहीतर तो परत जातो. म्हणून मागे पडलेल्या प्रकल्पांची शिल्लक प्राधिकरण मधूनच काढून घेऊ शकते. पायाभूत सुविधा वा उत्पादक गुंतवणूक असेल तर अंतिम रक्कम मिळाल्यापासून पाच वर्षे तिचे स्वरूप व मालकी यांत असा बदल करता येत नाही, ज्याने मूळ उद्देश बिघडेल किंवा कोणाला अवाजवी फायदा होईल. कागदपत्रे शेवटची रक्कम मिळाल्याच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून पाच वर्षे ठेवायची. राज्यसाहाय्य असल्यास त्याहून जास्त. प्रकल्पापुरता नेमलेला व्यवस्थापक तोवर निघून गेलेला असतो. निविदेचे लिफाफे, वेळपत्रके आणि हजेरीपट कोणत्या कपाटात आहेत याची सहीची यादी त्याच्याकडून शेवटच्या पगाराआधी घ्यावी, आणि तिची एक प्रत मुख्य भागीदाराकडे पाठवावी.