रिव्हॉल्व्हरची नळी व काडतुसाची परिणामकारकता

रिव्हॉल्व्हरची नळी व काडतुसाची परिणामकारकता : रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या लांबीनुसार एकाच काडतुसातील गोळीचा मुखवेग (नळीच्या मुखातून बाहेर पडतानाचा वेग) बदलतो. गोळी पोकळ टोकाची असेल, तर ती आत शिरल्यावर फुलणार की नाही, हेही त्या वेगावर ठरते. स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरांत सर्वाधिक अभ्यास झालेले काडतूस .38 स्पेशल असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यालाच धरून आहे.

लांबी मोजण्याची रीत आधी लक्षात घ्यावी लागते. रिव्हॉल्व्हरची नळी सिलिंडरसमोरील (काडतुसे भरायच्या फिरत्या दंडगोलासमोरील) कडेपासून मुखापर्यंत मोजतात. पिस्तुलाच्या मापात काडतूस बसते तो कोठाही येतो. लहान रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर सुमारे दीड इंच लांब असतो. त्यामुळे 2 इंची रिव्हॉल्व्हरची तुलना 2 इंची पिस्तुलाशी करणे चूक असून साडेतीन इंची पिस्तुलाशी करणे अधिक योग्य ठरते.

.38 स्पेशल स्मिथ अँड वेसन कंपनीने बहुधा 1898 मध्ये आणले. काही लेखक 1899 हे वर्ष देतात. फिलिपीन्समध्ये मोरो (तेथील मुस्लिम) लढवय्यांपुढे अमेरिकी सैन्याचे आधीचे .38 लाँग कोल्ट हे काडतूस अपुरे पडले म्हणून हे काडतूस घडवले, असे अनेक ग्रंथांत आढळते. मात्र फिलिपीन-अमेरिकन युद्ध फेब्रुवारी 1899 मध्ये सुरू झाले आणि मोरोंशी मोठ्या चकमकी त्यानंतरच्या आहेत. हा कालक्रम पाहता जुन्या काडतुसाची ताकद वाढवण्याचा सर्वसाधारण हेतू अधिक संभवनीय वाटतो. नावातील .38 हा आकडाही गोळीचा व्यास दाखवत नाही, प्रत्यक्ष व्यास .357 ते .358 इंच आहे. हे काडतूस मुळात सुमारे 21 ग्रेन (1 ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) काळ्या दारूसाठी आखले होते. धूरविरहित दारू त्याच पुंगळीत थोडीच जागा व्यापते. हत्यार खाली झुकवून मग रोखले, तर दारू गोळीकडे सरकते आणि वेग घटतो; मुख वर करून मग रोखले, तर ती बुडाशी, प्रायमरजवळ (दारू पेटवणाऱ्या टोपीजवळ) राहते आणि वेग वाढतो. वेगाच्या चाचण्यांत हे न सांभाळल्यास नळीच्या लांबीचा परिणाम नीट वेगळा काढता येत नाही.

सिलिंडर व नळी यांमधील फट साधारण 0.004 ते 0.008 इंच असते. तेथून वायू निसटतो. फट वाढली की वेग घटतो, फारच कमी असली तर हत्यार तापल्यावर किंवा काजळी साचल्यावर सिलिंडर अडकतो. फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजावी. आधी हत्यार रिकामे असल्याची खात्री करणे अनिवार्य आहे. फट, सिलिंडरच्या कोठ्यांच्या तोंडाचा व्यास आणि नळीतील आट्यांचा खडबडीतपणा यांमुळे समान लांबीच्या दोन हत्यारांच्या वेगात एका इंचाच्या फरकापेक्षाही जास्त तफावत पडू शकते.

158 ग्रेनच्या गोल टोकाच्या शिसाच्या गोळीचा छापील वेग 4 इंची नळीतून सेकंदास 755 फूट (230 मी.) आहे. .38 स्पेशलमध्ये नळी इंचभर कमी झाली की सर्वसाधारणपणे 25 ते 50 फूट घट धरतात. काडतुसांच्या खोक्यावरील आकडा बहुधा 4 इंची, फट ठेवलेल्या चाचणी-नळीचा असतो. 2 इंची हत्यार घेणाऱ्याने तो जसाच्या तसा गृहीत धरू नये.

घटलेल्या वेगाचा खरा परिणाम गोळीच्या प्रसरणावर, म्हणजे फुलण्यावर होतो. 1986 च्या मायामीतील चकमकीनंतर एफबीआयने (अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने) ठरवलेल्या कसोटीत शरीराच्या मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या 10 टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात 12 ते 18 इंच भेदन अपेक्षित आहे. ठोकळा आधी .177 इंची पोलादी छरा सेकंदास सुमारे 590 फूट वेगाने मारून तपासतात. छरा साधारण साडेआठ सेंमी. शिरला तरच तो ठोकळा ग्राह्य. आखूड नळीतून सुटलेल्या गोळीची पोकळी पुष्कळदा जाड कापडाने बुजते, ती फुलत नाही आणि भरीव गोळीसारखी खोलवर जाते. काही गोळ्या उलट कमी वेगातही फुलतात, पण 12 इंचांपर्यंत पोचत नाहीत. म्हणून खास आखूड नळीसाठी मऊ व रुंद पोकळीच्या गोळ्या आल्या; स्पीअर कंपनीच्या 135 ग्रेनच्या अशा गोळीचा वेग 2 इंची नळीतून 860 फूट दिला जातो. मुळातच न फुलणारी 148 ग्रेनची सपाट टोकाची वॉडकटर गोळी हा दुसरा मार्ग : तिचे भोक पूर्ण व्यासाचे पडते, झाडणाऱ्याला धक्का कमी बसतो, पण सपाट तोंडामुळे घाईत भरताना ती कोठ्याच्या कडेला अडते.

.357 मॅग्नम (1935) पहिल्यांदा पावणेनऊ इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी प्रसिद्ध झाले. त्यातील सावकाश जळणारी दारू आखूड नळीत पूर्ण जळत नाही. वेग बराच घटतो, मुखाशी मोठी ज्वाळा दिसते व आवाज कानठळ्या बसवतो. फार हलक्या हत्यारात धक्क्याने उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरेनासा होतो. पाचपैकी चार झाडून, सिलिंडर उघडून, पाचव्याची लांबी आधीच्या मापाशी ताडून पाहणे ही त्याची नेहमीची तपासणी होय.

भारतात परवानाधारकांकडे प्रामुख्याने .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. 2014 मध्ये आलेले कानपूरचे सुमारे 500 ग्रॅमचे ‘निर्भीक’ त्याच बोअरचे. त्याच्या .32 एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसात 98 ग्रेनची गोळी सेकंदास सुमारे 705 फूट वेगाने जाते आणि ती फुलण्यासाठी आखलेली नसल्याने नळीच्या लांबीचा परिणाम मुख्यतः भेदन व नेम यांपुरता उरतो. या काडतुसांच्या बुडावर खडकी (पुणे) येथील कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरे आढळतात.